उन्हाळ्यात मेरू (सांबर), भेकर आणि रानडुकरांपासून पीक कसं राखावं: गोव्यातल्या शेतकऱ्यासाठी

मार्च लागला की सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांतल्या शेतकऱ्याची झोप उडते. डोंगर करपलेले असतात, वरचे व्हाळ (ओढे) आटलेले असतात आणि दरीच्या तळाशी आपली वायंगण (उन्हाळी भात), भेंडी, अळसांदे (चवळीचा प्रकार), कुळागरातली (नारळ-सुपारीच्या बागेतली) केळी हिरवीगार उभी असतात. रानातल्या तहानलेल्या जनावराला या दिवसांत आपलं शेत टाळणं जवळजवळ अशक्य असतं. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे: उन्हाळ्यात जनावर पाणी, ओल आणि गारवा शोधत खाली येतं, आणि पीक त्याला वाटेत मिळतं.

पहिली रात्र गेली, अळसांद्याचे वेल ओरबाडलेले दिसले की गावात कुणीतरी बोलतंच, "एक-दोन मारल्याशिवाय ही थांबायची नाहीत." चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत गेलेल्या माणसाचा राग मला कळतो, मीही त्या रागातून गेलो आहे. पण त्या वाटेने जाऊ नका, आणि का जाऊ नये ते आधी स्पष्ट करून घेऊ.

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ च्या कलम ९ खाली शिकारीला बंदी आहे. कायद्यातली शिकार म्हणजे केवळ बंदूक नव्हे. फास लावणं, सापळा मांडणं, विष घालणं, जखमी करणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं शिकारच धरलं जातं. गवा आणि पिसोरी (उंदीरहरीण) पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतलं जनावर असेल किंवा जागा अभयारण्यातली असेल, तर किमान तीन वर्षं कैद, कमाल सात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजारांचा दंड. घरात पीक संरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे म्हणून जनावर मारायची मुभा मिळत नाही. एखादं जनावर खरोखर अनावर झालं तर कलम ११ आहे. पहिल्या अनुसूचीत नसलेल्या प्राण्यापासून माणसाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका असेल, तर मुख्य वन्यजीव संरक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी आदेश देऊ शकतो. तो मागण्याचा हक्क आपल्याला आहे. मात्र आदेश हातात नसताना उचललेलं पाऊल गुन्हाच ठरतं.

कायदा बाजूला ठेवला तरी मारून प्रश्न सुटत नाही. ज्या ओलीमुळे एक मेरू खाली आला, ती ओल तशीच असेल तर दुसरा येतो. विषाचं तर नावही काढू नये. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीच्या रानात चार वाघ विषाने मेले. वाघांनी गुरं मारली म्हणून कुणाच्या मनात राग होता, हे खरं. पण त्यातून गावाच्या वाट्याला काय आलं ते सत्तरीतल्या माणसाला सांगायला नको.

आधी ओळखा: आलं कोण होतं?

कुंपणाचा खर्च करण्याआधी तीन-चार पहाटा शेतात फिरण्यात घालवा. ऊन चढण्यापूर्वी, ठसे ताजे असताना जा. मेरू, भेकर, डुक्कर, गवा, साळिंदर, प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा असतो. डुकरासाठी घातलेल्या कुंपणावरून मेरू सहज उडी मारतो, आणि मेरूसाठी उंच बांधलेल्या जाळ्याखालून डुक्कर नाक घालून आत शिरतं.

ठसे नीट दिसावेत म्हणून संध्याकाळी बांधाच्या फटीपाशी, पाटाच्या तोंडाशी, व्हाळाकडून येणाऱ्या वाटेवर हातभर रुंद पट्टा खणून, माती बारीक करून सपाट करा. सकाळी त्यावर सगळं लिहिलेलं असतं. हरणाच्या कुळातल्या प्राण्यांचा खूर दुभंगलेला आणि पुढे निमुळता असतो. भेकराचा ठसा तीन-चार सेंटिमीटरचा, बकरीच्या पिल्लाचा वाटावा एवढाच. मेरूचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. डुकराचाही खूर दुभंगलेला, पण ओल्या मातीत त्याच्या मागे बाजूला दोन टिंबं उमटतात, ती वरच्या खुरांची. गव्याचा ठसा म्हशीसारखा मोठा आणि गोलसर, चुकण्यासारखा नसतो.

ठसा मिळाला नाही तर खाल्लेलं पान बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते पान किंवा कोंब चावून तोडत नाही, ओढून फाडतं. कडा फाटकी, धागे लोंबलेले दिसले की हरीण. सुरीने तिरका छेद दिल्यासारखा कोंब तुटलेला असेल तर ससा किंवा उंदीर. जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असेल, कणगांचे (जमिनीखालच्या कंदांचे) वेल उलटे पडलेले असतील तर डुक्कर. नारळ-सुपारीच्या रोपाचं बूड कुरतडलेलं असेल तर साळिंदर. फांदी किती उंचीवर खाल्ली आहे तेही मोजा. छातीच्या वरचं भेकराचं काम नसतं.

हे सगळं एका वहीत तारखेसह लिहा आणि शेताचा साधा नकाशा काढून त्यावर जनावर कुठून आत आलं आणि कुठून बाहेर गेलं त्या जागा मांडा. आठवड्याभरात बहुधा दोन-तीनच वाटा निघतात. चारी बाजूंनी सारखा खर्च करण्यापेक्षा त्या वाटांवर पैसा आणि वेळ लावा.

पाणी देण्याची वेळ बदला

हा बदल फुकटचा आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षितही. आपल्याकडे बरेच जण दिवसभराच्या उन्हाने सुकलेल्या भाजीला संध्याकाळी पाणी सोडतात. रात्रभर माती मऊ, ओली आणि गार राहते. डुकराला घाम फारसा येत नाही. अंग थंड करायला त्याला चिखलात लोळावंच लागतं. संध्याकाळी पाटाने भिजवलेलं शेत म्हणजे त्याच्यासाठी तयार लोळण. वर मऊ मातीतले किडे आणि गांडुळं आयती. मेरूलाही चिखलात लोळायची सवय असते.

म्हणून पाणी पहाटे, उजाडताच द्या. पिकाला दिवसभर ओल मिळते आणि अंधार पडेपर्यंत वरचा थर बऱ्यापैकी सुकतो. ठिबक बसवणं शक्य असेल तर ओल फक्त मुळाशी राहते. पाटात रात्री पाणी साचून राहू देऊ नका, गळकी मोट किंवा फुटका पाईप लगेच दुरुस्त करा. शेतातली तळी असेल तर तिला आधी कुंपण घाला, पिकाला नंतर. भेंडीच्या ओळीला बारीक जाळी आणि दहा पावलांवर तळी उघडी, असं मी बऱ्याच ठिकाणी बघतो. मग जनावर तळीवर येतं, आणि आल्यावर भेंडी दिसतेच.

दुसरी बाजूही विसरू नका. रानात पाणी टिकलं तर जनावराला खाली येण्याची गरज कमी होते. वरच्या व्हाळावर दगड-मातीचे छोटे बांध घालून कोंडीत पाणी राखता येतं. पण जागा जंगलातली असेल तर हे काम वनखात्याला सांगून, त्यांच्याबरोबर करा, आणि शेतापासून बऱ्यापैकी लांब करा. आपल्या बांधाला लागून दया म्हणून पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ती टाकी जनावराला शेताची वाट शिकवते.

काजूची बोंडं

फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम, आणि नेमका हाच जनावरांच्या त्रासाचा काळ. याचा एकमेकांशी संबंध आहे. झाडाखाली पडून आंबलेल्या बोंडांचा वास उष्ण हवेत लांबवर जातो. डुक्कर, साळिंदर, भेकर, गवा, सगळे त्यावर येतात. ज्याचं काजूचं भाट (बागायत) वर आणि भाजीचा मळा खाली आहे, त्याच्या मळ्यात जनावर भाटातूनच उतरतं.

बी काढून बोंडं तिथेच टाकून देऊ नका. दररोज, जमल्यास दुपारपूर्वी, बोंडं गोळा करून कोळंबीवर, म्हणजे बोंडं तुडवून रस काढतात त्या जागी, न्या. स्वतःची भाटी (दारू गाळायची भट्टी) नसली तर गावात ज्याची आहे त्याला द्या. रस काढून झाल्यावर उरलेला चोथाही उघड्यावर राहू देऊ नका. आंबलेल्या चोथ्यालाही जनावर येतं. हातभर खड्डा करून त्यात टाका आणि वर माती ओढा, पुढे चांगलं खत होतं. मे महिन्यात हीच गोष्ट गळून पडलेल्या फणसाची आणि आंब्याची. शेताच्या कडेचा पिकलेला बरका फणस वेळेवर उतरवणं हे कुंपणाइतकंच उपयोगी काम आहे.

कुंपण, आणि उन्हाळ्यात ते का फसतं

साधं स्वस्त कुंपण आधी. घायपात, निवडुंग, करवंद, सागरगोटा यांची वई पावसाच्या सुरुवातीला लावली तर दोन-तीन वर्षांत डुकराला अडवण्याइतकी दाट होते. यंदाच्या उन्हाळ्याला तिचा उपयोग नाही, पण लावून ठेवा. जुनी मासेमारीची जाळी बरेच जण बांधतात. ती ताणून, जमिनीला खुंट्या मारून बांधली तरच बांधा. सैल लोंबत्या जाळ्यात मेरूची शिंगं आणि भेकराचे पाय अडकतात, साप गुंतून मरतात, आणि अडकलेलं जनावर सोडवताना माणूस जखमी होतो. जुन्या साड्यांचा आडोसा भेकराला काही दिवस रोखतो, कारण पलीकडे काय आहे ते त्याला दिसत नाही. डुकराला त्याचं काहीच वाटत नाही.

नुसत्या उंचीवर मेरू अडवायचा तर आठ फुटांचं जाळं लागतं, आणि तो खर्च छोट्या शेतकऱ्याला झेपत नाही. कमी खर्चाची युक्ती म्हणजे दुहेरी ओळ. मुख्य कुंपणाच्या बाहेर साधारण मीटरभर अंतरावर अडीच फूट उंचीची एकच तार ओढायची. हरीण उंच उडी मारतं, पण उंची आणि लांबी एकदम ओलांडावी लागेल असं दिसलं की बिचकतं. दोन ओळींमधल्या पट्ट्यात पाय ठेवायला त्याला आवडत नाही. तारेवर पांढऱ्या पट्ट्या बांधा, अंधारात जनावराला तार दिसली पाहिजे.

आता सौर कुंपण. यात बॅटरीवरचं यंत्र तारेत साधारण सेकंदाला एक असा क्षणभराचा झटका सोडतं. दाब हजारो व्होल्टचा असतो, पण तो क्षण इतका छोटा की जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. घरातली वीज थेट तारेला जोडणं हा सरळ खून करण्याचा मार्ग आहे. त्या तारेला जनावर चिकटतं, तसाच पहाटे पाणी सोडायला आलेला शेजारीही चिकटतो. हे कुणी करत असेल तर त्याला थांबवा.

"मार्चपर्यंत सौर कुंपण छान चाललं, एप्रिलमध्ये डुकरं सरळ आत," ही तक्रार मी दरवर्षी ऐकतो, आणि पहिल्या वर्षी मीही यंत्रच बिघडलं असं समजून ते काढून दुरुस्तीला नेलं होतं. यंत्र ठीक होतं. बिघडली होती माती. झटका बसायला वीज तारेतून जनावराच्या अंगात, खुरातून जमिनीत आणि जमिनीतून परत यंत्राच्या अर्थिंगपर्यंत, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या सळ्यांपर्यंत, जावी लागते. आपली जांभ्याची जमीन एप्रिलमध्ये वीतभर खोलवर कोरडी ठणठणीत होते, आणि कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही. जनावर तारेला नाक लावतं, त्याला मुंगी चावल्याएवढंच लागतं, आणि एकदा ते कळलं की तार त्याच्यासाठी संपली.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. पहिला म्हणजे अर्थिंग वाढवणं. सहा फुटी जस्तवलेल्या किमान तीन सळ्या, एकमेकींपासून दहा फूट अंतरावर, शेतातल्या सर्वांत ओलसर जागी पूर्ण ठोका: पाटाकडेला, विहिरीच्या गळतीपाशी, केळीच्या बुडात. यंत्र लांब असेल तरी चालेल, तार ओढून जोडता येते. कोरड्या आठवड्यांत सळ्यांच्या बुडाशी एक-एक बादली पाणी ओता. दुसरा उपाय तारांची मांडणी. सगळ्या तारा जिवंत (झटक्याच्या) न ठेवता एक जिवंत, एक अर्थिंगला जोडलेली अशा आळीपाळीने ठेवा. जमिनीपासून २० सेंटिमीटरवर जिवंत, ४५ वर अर्थ, ७५ वर जिवंत, ११० वर अर्थ, १५० वर जिवंत. डोकं घालणारं जनावर दोन्ही तारांना एकदम टेकतं आणि जमीन कितीही कोरडी असली तरी झटका पूर्ण बसतो. सगळ्यात खालची तार २० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. डुक्कर तिथूनच शिरतं.

अर्थिंग पुरेसं आहे का हे तपासायची पद्धत: कुंपणाचा व्होल्टमीटर घ्या. यंत्र बंद करून, यंत्रापासून शंभर मीटर लांब जिवंत तारेला दोन-तीन लोखंडी सळ्या टेकवून त्या जमिनीत रोवा, मग यंत्र सुरू करा. तारेचा दाब दोन हजार व्होल्टच्या खाली पडला पाहिजे. आता शेवटच्या अर्थिंग सळीवर मीटर धरा. तीनशे व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सळ्या कमी पडतात, आणखी एक ठोका आणि पुन्हा मोजा. तपासणी झाली की यंत्र बंद करूनच टेकवलेल्या सळ्या काढा. रोजच्या वापरात तारेवर पाच हजारांच्या आसपास दाब असावा. तो घसरला तर बहुधा तारेला गवत किंवा वेल टेकलेला असतो. ओळीखालचा हातभर पट्टा कायम साफ ठेवा.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण पंधरा अंशाच्या उताराने बसवा. मार्च-एप्रिलमध्ये लाल धुळीचा थर बसतो, आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. बॅटरी मात्र सावलीत ठेवा, उष्णतेने तिचं आयुष्य घटतं. पाण्याची बॅटरी असेल तर दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. आणि कुंपण पहिल्या रात्रीपासून चालू हवं. आठवडाभर बंद तार ओलांडून गेलेल्या जनावराला नंतर पटवणं फार कठीण जातं. कुंपणासाठी कृषी खात्याच्या अनुदान योजना असतात. विकत घेण्यापूर्वी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा. आधी बिल करून मागाहून अर्ज घेऊन गेलेल्यांना परत यावं लागलेलं मी पाहिलं आहे.

गव्याबद्दल एक शब्द. गवा गोव्याचा राज्यप्राणी, आणि ठरवलं तर तो कुठलंही कुंपण तोडतो. झटक्याची तार त्याला वळवते, पण त्याची ठरलेली वाट पूर्ण बंद केली तर तो तोडून जातो. ती वाट शेताच्या बाहेरून मोकळी ठेवा.

रात्रीची राखण

पीक हाती येण्याच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत माणूस शेतात असणं याला पर्याय नाही. माळा (मचाण) शेताच्या मधोमध न बांधता जनावरांच्या वाटेकडच्या बाजूला बांधा. डबे, फाडलेल्या बांबूची फटफट, टॉर्च हे सगळं चालतं, फक्त रोज जागा आणि वेळ बदला. एकाच ठिकाणी रात्रभर वाजणारा आवाज जनावराला चार दिवसांत पाठ होतो, बुजगावण्याचंही तसंच. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी पाळ्या लावून घेतल्या तर कुणाचीच झोप पूर्ण मोडत नाही, आणि एकाच्या शेतातून हाकललेलं जनावर दुसऱ्याच्या शेतात जात नाही. हाकताना त्याला रानाकडची वाट मोकळी ठेवा, कोंडू नका.

फटाके, गरनाळी (आवाजाचे बार) आणि पेटते पलिते उन्हाळ्यात वापरू नका. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि इतरत्र लागलेल्या आगी आपण सगळ्यांनी पाहिल्या. काजूच्या वाळक्या पानांवर एक ठिणगी पुरते. मिरचीची धुरी करायची तर शेताच्या ओल्या भागात, मडक्यात करा आणि निघण्यापूर्वी पाणी ओता.

राखणीला जाताना पायात बूट, हातात टॉर्च. गरम रात्री घोणस, मण्यार, फुरसं बाहेर असतात. माळ्यावर झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचा. भरपूर पाणी आणि मीठ घातलेली पेज सोबत ठेवा, दमट उष्म्यात रात्रीही घाम जातो. सत्तरीतल्यांनी माकडतापाची काळजी घ्यावीच. २०१५ पासून तालुक्यात हा आजार आढळत आला आहे आणि त्याचा काळ हाच, जानेवारी ते मे. तो गोचिडीतून येतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आरोग्य केंद्रातून गोचीड प्रतिबंधक तेल मागून लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे वेगळे धुवा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. पहाटे धुक्यात किंवा काजूच्या सावलीत गवा अचानक समोर आला तर ओरडू नका, पळू नका. झाडाचा आडोसा धरून हळू मागे सरका.

अंड्याच्या पाण्याची फवारणी हरणावर काही प्रमाणात चालते, सडक्या अंड्याचा वास त्याला नकोसा वाटतो. डझनभर अंडी फेटून, गाळून, वीसेक लिटर पाण्यात मिसळा आणि बाहेरच्या वईवर, कडेच्या झुडपांवर मारा. खायच्या पालेभाजीवर कधीच नाही. कडक उन्हात आठवड्याने परत मारावी लागते. एकट्या फवारणीवर मी पीक सोपवणार नाही, पण दुहेरी तारेच्या जोडीला ती बरी. कडेच्या दोन ओळी हळद, आलं किंवा गवती चहाच्या ठेवा. अळसांदे आणि वाल हरणाला फार आवडतात. ते रानाकडच्या बाजूला न लावता घराच्या बाजूला लावा.

नुकसान झालंच तर

सकाळी काहीही उचलण्याआधी, काहीही साफ करण्याआधी फोटो काढा: आधी पूर्ण शेत, मग जवळून खाल्लेलं पीक, मग ठसा. ठशाशेजारी काड्यापेटी ठेवा, माप कळतं. त्याच दिवशी वनक्षेत्र कार्यालयात आणि विभागीय कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या. सोबत कृषी कार्ड, एक-चौदाचा (जमिनीचा) उतारा, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि तुमच्या वहीतली तारखांची पानं जोडा. पंचनामा होईपर्यंत शेत तसंच राहू द्या आणि पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी त्यात लिहिलेलं क्षेत्र आणि पीक वाचून घ्या. सत्तरीत अनेकांच्या नावावर जमीन चढलेली नाही. त्यांनी अर्ज नाकारला जाईल म्हणून घरी बसू नये. अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. गावातून वर्षभरात किती तक्रारी गेल्या याची नोंद झाली, तरच पुढे कलम ११ खालचा आदेश किंवा सामूहिक कुंपण मागताना दाखवायला कागद असतो.

जूनचा पहिला पाऊस पडला की व्हाळ वाहू लागतात आणि खाली उतरणाऱ्या वाटा हळूहळू ओस पडतात. विजा चमकू लागण्यापूर्वी यंत्र तारेपासून सोडवून घरात आणा, बॅटरी पूर्ण चार्ज करून कोरड्या जागी ठेवा, आणि घायपाताची पिल्लं त्याच आठवड्यात बांधावर लावून टाका.